भुरीला घर मिळाले

(जखमी प्राण्याला उचलून दवाखान्यात नेणे हे दयेचे काम आहे. पण त्यानंतर त्याने राहायचे कुठे? महागावातील काही विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवताना त्यांची एक चूक झाली आणि त्या चुकीतून ते काय शिकले, हे या पाठात सांगितले आहे. वाचताना उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे शब्द शोधा.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत एक शब्द आहे : बेवारशी. ज्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही, ते बेवारशी. हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. 'बे' आणि 'वारिस' हे दोन्ही तुमच्या ओळखीचे आहेत. बसस्थानकावर कोणी पिशवी विसरून गेले, तर ती बेवारशी पिशवी. रस्त्यावर फिरणारा कुत्रा, तोही बेवारशी कुत्रा. पण पिशवीला भूक लागत नाही, तिला वेदना होत नाहीत. कुत्र्याला होतात. म्हणून या दोघांना एकच शब्द लावताना आपण थोडे थांबायला हवे, नाही का?

आज मी तुम्हाला अशाच एका कुत्रीची गोष्ट सांगणार आहे.

आपले महागाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेड आणि नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक धावत असतात. पावसाळ्याचे दिवस होते. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी आठवीतली तीन मुले धापा टाकत माझ्याकडे आली.

"सर, रस्त्याच्या कडेला कुत्रीचं पिल्लू पडलंय. गाडीनं उडवलंय. पण जिवंत आहे!"

खरे सांगतो, प्रार्थनेची घंटा होणार होती आणि माझ्या मनात आले, 'कशाला या भानगडीत पडा?' पण मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी निघालो.

भुऱ्या रंगाचे, चारेक महिन्यांचे पिल्लू चिखलात पडले होते. मागचा डावा पाय लुळा पडला होता. एका मुलाने आधीच त्याला उचलण्याचा प्रयत्न केला होता. मित्रांनो, इथे पहिला धडा लक्षात ठेवा. जखमी प्राणी कितीही गरीब असला, तरी वेदनेने तो चावू शकतो. म्हणून त्याला एकदम हात लावू नये. मोठ्या माणसाला बोलवावे. आम्ही त्याच्या अंगावर जाड कापड टाकले, पोत्यावर अलगद सरकवले आणि पोत्याची चारही टोके धरून त्याला गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी तपासले. "मादी आहे. हाड मोडलंय, पण जुळेल. पाच-सहा आठवडे जपावं लागेल," ते म्हणाले. त्यांनी पायाला प्लॅस्टर घातले. मग त्यांनी मुलांकडे वळून विचारले, "हिचा दात कोणाला लागला का?"

कोणी बोलेना. मी पुन्हा विचारले. तेव्हा तो पहिला मुलगा हळूच म्हणाला, "सर, थोडंसं खरचटलंय. पण अम्मीला सांगू नका. ती रागावेल."

त्याच्या मनगटावर एक बारीक ओरखडा होता. रक्ताचा एक थेंबही धड आला नव्हता. तरी डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी त्याला लगेच नळाखाली हात धरायला लावला आणि साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवून घेतली. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू दिले नाही. मग मी त्याला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे त्याला रेबीजची लस टोचली आणि पुढच्या लसींच्या तारखा लिहून दिल्या. त्याच्या अम्मीला मीच जाऊन सांगितले. ती रागावली नाही. मुलाला जवळ घेऊन एवढेच म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस."

रेबीज हा रोग पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून पसरतो. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर जखम धुतली आणि लसीच्या सर्व मात्रा वेळेवर घेतल्या, तर हा रोग टाळता येतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो मुलगा वाचला. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. म्हणून २८ सप्टेंबर हा दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. तेव्हा मित्रांनो, कुत्रा चावला तर घरी लपवू नका. रागावण्याच्या भीतीपेक्षा जीव मोठा आहे.

पिल्लालाही रेबीजची लस टोचली. रंगावरून मुलांनी तिचे नाव ठेवले भुरी.

आता प्रश्न आला, भुरीने राहायचे कुठे? मुख्याध्यापकांनी शाळेच्या मागच्या रिकाम्या पडवीत जागा दिली, पण अट घातली. "पाय बरा होईपर्यंतच. त्यानंतर एक दिवसही नाही. शाळेत लहान मुलं आहेत." त्यांचे म्हणणे योग्यच होते. शाळा हे कुत्र्याचे घर नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवावीत, नसबंदी व लसीकरणानंतरही त्यांना पुन्हा तिथेच सोडू नये, असा आदेश दिला.

एके दिवशी मधल्या सुटीत नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आमच्या घरी कुत्रा चालत नाही. दादाजान म्हणतात, त्याची लाळ लागली तर धुवावं लागतं. मग भुरीला भाकर देणं चूक आहे का?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणालो, "दादाजान बरोबर सांगतात. म्हणून आपण तिची ताटली वेगळी ठेवतो, हात-कपडे धुतो. पण तहानलेल्या कुत्र्याची हदीस तू ऐकली आहेस ना?"

तिने ऐकली होती. तिनेच वर्गाला सांगितली. एक माणूस तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरला, पाणी प्यायला. वर येतो तो एक कुत्रा तहानेने ओली माती चाटत होता. तो माणूस पुन्हा खाली उतरला, आपला मोजा पाण्याने भरला, तो दातांत धरून वर आला आणि त्याने कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. गुहेत झोपी गेलेल्या असहाब-ए-कहफबरोबर त्यांचा कुत्राही होता, याची आठवण दुसऱ्या एका मुलाने करून दिली.

"शिवाय," मी म्हणालो, "शेताच्या आणि जनावरांच्या राखणीसाठी कुत्रा पाळायला तर मुभाच आहे. तेव्हा भुरीला आपल्या घरात जागा नसेल, तर तिला शोभेल असं घर आपण शोधू."

सहा आठवड्यांत भुरीचा पाय जुळला. ती चालू लागली. थोडी लंगडत, पण चालू लागली. आणि नेमकी इथेच आमची चूक झाली.

एक गृहस्थ आले. म्हणाले, "मला माल राखायला कुत्रं हवंय. देता का?" आम्ही लगेच भुरी त्यांच्या हवाली केली. ना काही विचारले, ना जागा पाहिली. खोटे कशाला बोलू? मला वाटले, बला टळली.

आठ-दहा दिवसांनी मुले बातमी घेऊन आली. भुरीला हातभर साखळीने उन्हात बांधून ठेवले होते. पाण्याचे भांडे कोरडे होते. ती भुंकत नाही, कुईकुई करते म्हणून त्या गृहस्थांनी तिला आठवडी बाजारात सोडून दिले होते. मुलांना ती भाजीच्या कचऱ्यात तोंड घालताना दिसली. त्यांना पाहताच ती लंगडत धावत आली. गळ्यात तुटक्या दोरीचा फास तसाच होता आणि त्याखाली कातडी सोलली होती.

त्या दिवशी वर्गात कोणी बोलले नाही. दोष त्या गृहस्थांचा होताच. प्राण्याला विनाकारण मारणे, आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे, त्याला वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सजीवांविषयी दया बाळगणे हे तर आपल्या राज्यघटनेने सांगितलेले मूलभूत कर्तव्य आहे. पण दोष आमचाही होता. माणूस मुलीचे लग्न ठरवताना दहा ठिकाणी चौकशी करतो, शेळी विकत घेतानाही दात पाहतो. आणि आम्ही एक जिवंत प्राणी कोणाच्याही हाती देऊन मोकळे झालो होतो. घर शोधणे वेगळे आणि ब्याद टाळणे वेगळे, हे आम्हाला तेव्हा कळले.

मग आम्ही फळ्यावर प्रश्न लिहिले. भुरीला मागणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे ठरले :

१. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का?
२. ती कुठे राहील? सावली, कोरडी जागा आणि दिवसभर पाणी मिळेल का?
३. ती आजारी पडली, तर दवाखान्यात कोण नेईल?
४. दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्याल का? नसबंदीची शस्त्रक्रिया होऊ द्याल का?
५. गावाला गेलात, तर तिच्याकडे कोण पाहील?
६. काही कारणाने ती नको झाली, तर रस्त्यावर न सोडता आम्हाला परत आणून द्याल का?

नसबंदीचा प्रश्न का? ऐका. कुत्री साधारण दोन महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. एवढ्या पिल्लांना घरे कुठून मिळणार? ती पुन्हा रस्त्यावरच येतात. बरेच लोक मादी नको म्हणतात, ते याच कारणाने. शस्त्रक्रिया केली, की हा प्रश्न मिटतो. भटक्या कुत्र्यांची संख्या मारून नव्हे, तर नसबंदी आणि लसीकरण करून आटोक्यात आणावी, असे शासनाचे २००१ चे नियम सांगत होते. २०२३ च्या नव्या नियमांतही हेच सूत्र आहे. ज्या भटक्या कुत्र्याच्या कानाला बारीकसा काप दिसेल, त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजा.

आता जाहिरात लिहायची होती. वर्गात वाद झाला. "पाय लंगडतो हे लिहू नका, नाहीतर कोणी घेणार नाही," काही मुले म्हणाली. तेव्हा मी त्यांना उद्योगपती रतन टाटा यांची गोष्ट सांगितली. मुंबईतल्या 'बॉम्बे हाउस' या टाटा समूहाच्या मुख्यालयात रस्त्यावरच्या कुत्र्यांना आसरा मिळत असे. २०१८ मध्ये इमारतीचे नूतनीकरण झाले, तेव्हा त्यांच्यासाठी तिथे खास खोली ठेवण्यात आली. २०२० मध्ये रतन टाटांनी समाजमाध्यमावर मायरा नावाच्या कुत्रीसाठी घर हवे, असे आवाहन केले. तिला घर मिळाले. मग त्याच वर्षी त्यांनी स्प्राइट नावाच्या दुसऱ्या कुत्र्यासाठी आवाहन केले. अपघातानंतर त्याचे मागचे पाय लुळे पडले होते. टाटांनी हे लपवले नाही, उलट स्पष्ट लिहिले. एवढा मोठा माणूस एका अपंग कुत्र्यासाठी लोकांपुढे शब्द टाकतो आणि खरे तेच सांगतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा वारले. त्यांच्या अंत्यदर्शनाला 'गोवा' नावाचा त्यांचा कुत्राही आणला होता. गोव्याच्या रस्त्यावरून आलेले ते पिल्लू बॉम्बे हाउसमध्ये वाढले होते.

मुलांना पटले. त्यांनी जाहिरात उर्दूत आणि मराठीत लिहिली :

"घर हवे आहे. भुरी, वय सहा महिने, मादी. रेबीजची लस दिली आहे. मागचा डावा पाय थोडा लंगडतो, पण चालते-पळते. भाकर, भात, उकडलेले अंडे खाते. अनोळखी माणसाला घाबरते. प्रेमाने हाक मारली तर येते. प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यालाच मिळेल."

पोळा झाला. एक जण आला, त्याला नर हवा होता. दुसऱ्याला विलायती जातीचा कुत्रा हवा होता. तिसऱ्याने प्रश्न ऐकले आणि तो हसत निघून गेला. मुले हिरमुसली. मुख्याध्यापकांनी मला दोनदा आठवण करून दिली. मला वाटू लागले, आपण फार अटी घातल्या का?

मग एक दिवस एक म्हातारे शेतकरी आले. डोक्याला रुमाल, पायांना काळ्या मातीचा चिखल. त्यांनी जाहिरात नातवाकडून वाचून घेतली होती.

"गुरुजी, मले राखणीले कुत्रं पायजे. वावरात रानडुकरं येतात, रोही येतात. रातभर जागल करतो. संगतीले कोणी नाही."

मी प्रश्न विचारू लागलो, तर त्यांनीच मला उलट विचारले, "थे काय खाते? रातच्याले भेते काय? पाय थंडीत दुखते काय?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. एवढ्या लोकांपैकी भुरीबद्दल प्रश्न विचारणारे ते पहिलेच होते.

"बाबा, ती लंगडते," एक मुलगा म्हणाला.

म्हातारबाबा हसले. "मीबी लंगडतो रे बापू. आमचं जमन."

तरीही यावेळी आम्ही घाई केली नाही. रविवारी मी आणि चार मुले त्यांच्या शेतावर गेलो. कापसात पाणी साचले होते. धुऱ्यावर बाभळीखाली मांडव होता. शेळ्या बांधलेल्या होत्या. आजीने आधीच एक जुने टोपले उलटे करून बोऱ्याचा बिछाना केला होता. पाण्याचे मातीचे भांडे भरलेले होते. आम्ही जे पाहायला गेलो होतो, ते सारे पाहिले आणि भुरीला तिथे ठेवून आलो. पुढे थंडी पडल्यावर बाबा स्वतः तिला यवतमाळला घेऊन गेले आणि तिची शस्त्रक्रिया करून आणली. वाहनाच्या खर्चात वर्गाने आपला वाटा दिला.

आठ दिवसांनी आम्ही गेलो. महिन्याने पुन्हा गेलो. हेही काम घर शोधण्याचाच भाग आहे, बरे का! नव्या जागेत पहिले काही दिवस कुत्रा घाबरतो, खात नाही, पळून जाऊ पाहतो. त्याला वेळ द्यावा लागतो. भुरीही पहिल्या दोन रात्री मांडवाच्या कोपऱ्यात बसून होती. तिसऱ्या रात्री रानडुकरे आली आणि ती पहिल्यांदा भुंकली.

दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही शेवटचे गेलो. आम्हाला पाहून भुरी लांबूनच धावत आली. शेपटी हलवत प्रत्येकाभोवती फिरली. ज्याच्या मनगटाला तिचा दात लागला होता, त्या मुलाचा हात तिने हुंगला. आम्ही निघालो तेव्हा ती मागे मागे आली. एका मुलीचे डोळे भरून आले. "सर, ती आपल्याबरोबर येईल का?"

भुरी धुऱ्यापर्यंत आली. तिथे थांबली. आमच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मग वळून लंगडत लंगडत मांडवाकडे परत गेली.

मित्रांनो, भुरी आता बेवारशी राहिली नाही.

शब्दार्थ

बेवारशी – ज्याचा कोणी मालक नाही असा. पडवी – घराच्या किंवा इमारतीच्या बाजूची छपराखालची जागा. हवाली करणे – सोपवणे. ब्याद – नको असलेली गोष्ट, पीडा. आटोक्यात – ताब्यात, मर्यादेत. वावर – शेत. जागल – पिकाच्या राखणीसाठी रात्री जागणे. रोही – नीलगाय. धुरा – शेताचा बांध. बोरा – पोते.

वाक्प्रचार

भानगडीत पडणे – नसत्या कामात गुंतणे. बला टळणे – संकट दूर होणे. वाऱ्यावर सोडणे – निराधार करणे. शब्द टाकणे – दुसऱ्यासाठी विनंती करणे. हिरमुसणे – निराश होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भुरीचा कोणता पाय मोडला होता?
(आ) रेबीजचा रोग कशातून पसरतो?
(इ) मुख्याध्यापकांनी कोणती अट घातली?
(ई) रतन टाटांनी स्प्राइटबद्दल कोणती गोष्ट लपवली नाही?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुत्रा चावल्यास लगेच काय करावे? काय करू नये?
(आ) भुरीचे पहिले घर चुकीचे का ठरले?
(इ) शेतकरी बाबांनी विचारलेले प्रश्न ऐकून मुलांनी एकमेकांकडे का पाहिले असेल?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) मुलाने आपल्या हाताचा ओरखडा लपवला.
(आ) बरेच लोक मादी पाळायला तयार नसतात.

प्र. ४. बेवारशी, हवाली, कायदा, मालक, जखम, बला : हे शब्द उर्दूत कसे लिहितात, ते वहीत लिहा. त्यांचा मराठीत व उर्दूत अर्थ सारखाच आहे का, ते वर्गात सांगा.

प्र. ५. 'मले', 'पायजे', 'थे', 'भेते' हे शब्द आपल्या भागात बोलतात. त्यांच्या जागी प्रमाण मराठीतील शब्द लिहा.

प्र. ६. तुमच्या मते भुरीच्या शेवटी परत फिरण्याचा अर्थ काय? पाच ओळी लिहा.

उपक्रम : तुमच्या गल्लीतील एखाद्या प्राण्यासाठी घर हवे आहे, असे समजून जाहिरात तयार करा. त्याचे गुण लिहा. त्याची उणीवही लिहा.